शिबिराचे अंथरूण

मुलांनो, मराठीत एक म्हण आहे : अंथरूण पाहून पाय पसरावे. हीच म्हण तुम्ही घरी उर्दूत ऐकली असेल. खर्च वाढला की घरातले मोठे माणूस म्हणते, ‘जितनी चादर हो, उतने ही पाँव फैलाओ.’ दोन्ही म्हणींचा अर्थ एकच. पण त्यांतला एक लहानसा फरक तुमच्या लक्षात आला का? उर्दू म्हणीत चादर आहे. मराठी म्हणीत अंथरूण आहे. अंगावर घेतो ते पांघरूण आणि अंगाखाली घालतो ते अंथरूण. उर्दूतला ओढना म्हणजे पांघरूण, बिछौना म्हणजे अंथरूण. हे दोन शब्द आधी पक्के करा. कारण आजचा पाठ त्यांतल्या दुसऱ्या शब्दाविषयी आहे.

पुष्कळ शाळांची स्काऊट-गाईडची शिबिरे हिवाळ्यात निघतात. शिबिराची तयारी करताना सगळ्यांचे लक्ष पांघरुणाकडे असते. अम्मी रजई काढून देते, आजी शाल देते, कानटोपी विसरू नकोस म्हणून चार वेळा बजावते. अंथरुणाची आठवण कोणालाच नसते. “खाली काय, एखादी चादर टाक!” असे म्हणून तो विषय संपतो. मीही एकदा तसेच केले होते. त्या रात्रीची हकीकत सांगतो.

मी बी.एड.च्या वर्गात होतो. डिसेंबर महिन्यात आमचे शिबिर भंडारदऱ्याच्या परिसरात होते. कळसूबाईचे शिखर तेथून जवळ आहे. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची 1646 मीटर. त्या भागात हिवाळ्यात रात्रीचा पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. मला हे ठाऊक होते, म्हणून मी घरून दोन जाड रजया नेल्या. बरोबरचे मित्र माझ्या वळकटीला हसले. वळकटी म्हणजे गुंडाळून दोरीने बांधलेले अंथरूण-पांघरूण. तंबूत मी जमिनीवर एक सुती चादर पसरली, दोन्ही रजया अंगावर घेतल्या आणि आडवा झालो.

पहिला अर्धा तास छान गेला. मग पाठ गार पडू लागली. मी कुशीवर वळलो, तर खांदा आणि कंबर गार पडली. पुन्हा वळलो. रजई डोक्यावरून ओढली, पायांखाली खोचली. काही उपयोग नाही. छातीवर घाम येत होता आणि पाठीला कापरे भरत होते! दोन वाजता मी उठून बाहेर आलो. स्वयंपाकाच्या चुलीजवळ आमचे आचारी झोपले होते. त्यांच्या अंगावर एकच जुने कांबळे होते आणि ते चक्क घोरत होते. माझ्या पावलांच्या आवाजाने ते जागे झाले. माझी अवस्था पाहून म्हणाले, “काय मास्तर, वरून किती झाकून घेता? थंडी खालून येते!” त्यांनी आपल्या अंथरुणाचा कोपरा उचलून दाखवला. खाली एक वीत जाडीचा भाताचा पेंढा होता, त्यावर गोणपाट, त्यावर सतरंजी. मी एक रजई अंगावरून काढली, दुहेरी घडी घालून खाली पसरली. फजरच्या अजानच्या वेळेपर्यंत तरी डोळा लागला.

आचाऱ्यांचे म्हणणे व्यवहारात अगदी खरे होते. मात्र विज्ञानाच्या वर्गात ते वाक्य थोडे बदलून सांगावे लागेल. थंडी कोठून येत नसते. आपली ऊब जात असते. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. आपले शरीर सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानाचे. रात्रीची जमीन त्याहून कितीतरी थंड. शरीर जमिनीला टेकले की उष्णता सरळ जमिनीत उतरू लागते. याला उष्णतेचे वहन म्हणतात. जमीन तर एवढी मोठी, की तुम्ही रात्रभर तिला ऊब दिलीत तरी ती तुमच्याइतकी गरम होणार नाही.

वहन सगळ्या पदार्थांतून सारखे होत नाही. याचा अनुभव तुम्ही शेकडो वेळा घेतला आहे. हिवाळ्याच्या पहाटे मशिदीत गेलात आणि वजू करून फरशीवर पाऊल ठेवलेत, की पाय झटकन आखडतो. दोन पावले पुढे चटई किंवा सतरंजी असते. तिच्यावर पाय ठेवला की बरे वाटते. आता विचार करा. फरशी आणि सतरंजी रात्रभर एकाच छताखाली होत्या. दोघींचे तापमान जवळजवळ सारखेच असणार. मग फरशी थंड का लागली? कारण दगड आपल्या पायाची उष्णता भराभर ओढून घेतो. सतरंजीच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते, आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते.

‘अडकलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रजई उबदार का असते? तिच्यातला कापूस काही स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते, ती आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण त्याच रजईवर आपण झोपलो, की आपल्या वजनाने कापूस दबतो, हवा निघून जाते आणि जाड रजईची पातळ चादर होते. पक्ष्यांच्या पिसांनी भरलेल्या महागड्या झोपपिशवीचेही असेच. तिचा वरचा भाग फुगलेला असतो, पण पाठीखालचा भाग चपटा होतो. म्हणून चांगल्या अंथरुणाची पहिली परीक्षा ही, की आपल्या वजनाखालीसुद्धा त्यातली हवा टिकली पाहिजे.

हे गुपित आपल्या मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. उर्दूत तुम्ही त्याला धुनिया किंवा नद्दाफ म्हणता. गादी काही वर्षे वापरली की तिच्यात गाठी होतात, ती दगडासारखी कडक होते. मग पिंजारी येतो, कापूस बाहेर काढतो आणि धनुकलीच्या तातेने तो पिंजतो. त्या तातेचा टणत्कार ज्यांनी ऐकला आहे, ते तो विसरणार नाहीत. थोड्याच वेळात मूठभर दिसणाऱ्या कापसाचा ढीग होतो. पिंजाऱ्याने कापूस वाढवला का? नाही. त्याने त्यात हवा भरली. आता पुष्कळ ठिकाणी हे काम यंत्रावर होते, पण हवेचे तत्त्व तेच आहे.

मग घरची कापसाची गादीच शिबिराला न्यावी काय? मोह होतो खरा. पण एका माणसाची गादीसुद्धा आठ-दहा किलोंची भरते. एस.टी.तून उतरून तीन किलोमीटर चालायचे असेल तर ती कोण उचलणार? शिवाय कापूस ओल फार धरतो. दवाने किंवा पावसाने गादी भिजली, की दोन दिवस वाळत नाही. आणि ओले अंथरूण म्हणजे ऊब गमावण्याची हमी. कारण स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता वीस पटींहून अधिक वेगाने वाहून नेते.

त्यामानाने घोंगडी फार गुणी. दख्खनच्या पठारावर धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीचे सूत काढतात आणि सणगर विणकर त्याची घोंगडी विणतात. चिंचोक्यांची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यामुळे ते दबूनही काही हवा धरून ठेवतात. थोडी ओल लागली तरी घोंगडी एकदम गारठत नाही. म्हणूनच पावसात मेंढपाळ तीच डोक्यावर घेतो आणि रात्री तीच अंथरतो. तिचा एकच दोष सांगतात, ती टोचते. त्यावर एक सुती चादर घाला, तक्रार मिटली.

सतरंजी बहुतेक घरांत असते. हा शब्द तर तुमचाच. शतरंजच्या पटासारख्या चौकटी विणलेली म्हणून ती शतरंजी, आणि मराठीत आली तेव्हा सतरंजी झाली, असे म्हणतात. ती बळकट असते, घाण कमी धरते, पण एकटी पुरत नाही, पातळ पडते. मालेगाव-भिवंडीकडच्या मुलांच्या घरी गोधडी असेल. यंत्रमागाच्या गावात कापडाच्या तुकड्यांना काय तोटा! जुन्या साड्या, लुंग्या, चादरी यांचे थर एकावर एक शिवून केलेली गोधडी अंगावर आणि अंगाखाली दोन्हीकडे चालते. दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा असतो, म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ थर अधिक उपयोगी पडतात.

भाताचा पेंढा मिळाला तर उत्तमच. मावळात, कोकणात, घाटमाथ्यावर तो हिवाळ्यात सहज मिळतो. पेंढ्याची प्रत्येक काडी आतून पोकळ असते. काडीच्या आत हवा, काड्यांच्या मध्येही हवा! स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1908 साली ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक लिहिले. त्यात शिबिरातच साधा माग उभारून गवताच्या गाद्या विणण्याची रीत त्यांनी सांगितली आहे. आपल्याला माग उभारायला नको. पेंढा रिकाम्या गोणीत भरला, तोंड शिवले, की गादी तयार. मात्र पेंढा कोरडा असावा, आधी झटकून घ्यावा. त्यात विंचू-किडे असू शकतात. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तो घेऊ नये, कारण ते त्याच्या गुरांचे अन्न आहे. आणि पेंढ्याजवळ चूल, मेणबत्ती, कंदील यांपैकी काहीही नको.

आता बाजारात मिळणाऱ्या वस्तूंकडे वळू. गिर्यारोहक मंडळी पाठीवरच्या पिशवीला एक गुंडाळी बांधून नेताना तुम्ही पाहिली असतील. तिला ते कॅरीमॅट म्हणतात. हा एक प्रकारचा फोम आहे. फोम दोन जातींचा असतो. एका जातीत हवेची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, जसा आंघोळीचा स्पंज. तो दाबला की हवा निघून जाते आणि पाण्यात टाकला की पाणी पितो. दुसऱ्या जातीत प्रत्येक छिद्र स्वतंत्र आणि बंद असते. जणू लाखो छोट्या डब्या, प्रत्येक डबीत थोडी हवा, आणि झाकण कायमचे लावलेले. त्यावर झोपले तरी हवा बाहेर जात नाही, ओल आत येत नाही. कॅरीमॅट या दुसऱ्या जातीच्या फोमची करतात. ती सुमारे एक सेंटिमीटर जाड असते आणि तिचे वजन साधारण अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असते. दुकानात फसू नये म्हणून एक युक्ती सांगतो. कोपरा चिमटीत जोराने दाबा आणि सोडा. लगेच पूर्ववत झाला आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब तसाच राहिला, तर वस्तू बरी आहे.

फोम आणि हवा यांची जोडगोळी म्हणजे आपोआप फुगणारी गादी. तिची कथा मजेदार आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात विमानाच्या कारखान्यातून जिम ली आणि नील अँडरसन या अभियंत्यांची नोकरी गेली. जॉन बरोज नावाच्या गिर्यारोहक मित्राला बरोबर घेऊन त्यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी गादी तयार केली. स्पंजासारखा फोम त्यांनी हवाबंद कापडात चिकटवला आणि एका कोपऱ्याला झडप बसवली. झडप उघडली की दबलेला फोम फुलतो आणि हवा स्वतःच आत ओढून घेतो. झडप बंद केली, की हवा कोंडली. म्हणजे पहिल्या जातीच्या फोमचा दोष त्यांनी गुणात बदलला! ही गादी मऊ आणि उबदार असते, पण महाग असते.

नुसत्या हवेची गादी जाड असते, म्हणून ती फार उबदार असेल असे वाटते. तसे नाही. आत मोकळी हवा असली की ती फिरू लागते आणि वरची ऊब खाली नेऊन टाकते. हवा असावी, पण अडकलेली असावी, हे मघाशी म्हटले ते याचसाठी. थंडीत चांगल्या असणाऱ्या हवेच्या गाद्यांमध्ये म्हणून आत पडदे किंवा तंतू भरलेले असतात. तोंडाने फुगवली तर आपल्या श्वासातली वाफ आत साचते. संध्याकाळी टणक फुगवलेली गादी पहाटे सैल पडते, कारण थंड झाल्यावर हवा आकसते. तेव्हा लगेच ‘पंक्चर झाली’ म्हणून ओरडू नका. खरेच पंक्चर असेल, तर सायकलवाल्याची रीत वापरा. साबणाचे पाणी लावा, बुडबुडे कोठून येतात ते पाहा.

कोणते अंथरूण किती ऊब अडवते हे मोजण्यासाठी एक अंक ठरवलेला आहे. त्याला आर-मूल्य म्हणतात. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीने हा अंक काढत असे. 2018 साली एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने गाद्यांसाठी मोजण्याची एकच पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून तुलना सोपी झाली. साध्या फोमच्या चटईचा अंक दीड-दोन असतो. बर्फावर झोपायचे तर पाच किंवा त्याहून अधिक लागतो. आपल्या सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-तीन पुष्कळ झाले. या अंकाची एक गोष्ट मला फार आवडते : एकावर एक दोन अंथरुणे घातली, की त्यांच्या अंकांची सरळ बेरीज होते. फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी म्हणजे दोघांची ऊब मिळून एक.

बाजाराची एवढी माहिती दिली, पण आता एक जुनी चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी शिबिराच्या सामानाची यादी मी फळ्यावर लिहिली. माझ्या डोक्यात ती भंडारदऱ्याची रात्र होती. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिले : कॅरीमॅट आवश्यक. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पालकांच्या सहीचे कागद आणले. आठवीतल्या एका मुलाने आणला नाही. मी विचारले तर म्हणाला, “सर, माझ्या मामूच्या घरी लग्न आहे.” तो गेल्या वर्षापासून शिबिराची वाट पाहत होता. गाठी बांधण्यात साऱ्या पथकात त्याचा हात कोणी धरत नसे. शिबिर झाले, आम्ही परत आलो. महिन्याभराने त्याचे वडील रस्त्यात भेटले. ते यंत्रमागावर काम करतात. बोलता बोलता म्हणाले, “मास्टरसाहेब, त्या चटईचे तेवढे जमले नाही. पुढच्या वर्षी बघू.”

लग्नबिग्न काही नव्हते. माझ्या यादीतला एक शब्द त्या मुलाच्या वाटेत आडवा पडला होता. तोही अशा शब्दाने, ज्याची गरजच नव्हती. आमचे आचारी कुठे कॅरीमॅटवर झोपले होते?

त्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले आणि आम्ही दोघांनी घरच्या वस्तूंतून अंथरूण कसे करता येईल याचा शोध सुरू केला. फ्रिज, टीव्ही यांच्या खोक्यात पांढऱ्या लवचीक फोमचे पातळ तक्ते येतात. दुकानदार ते फेकून देतात. हा फोम बंद छिद्रांचाच असतो! आम्ही एका दुकानातून असे चार तक्ते मागून आणले. एकेक तक्ता बोटाएवढाही जाड नव्हता, म्हणून दोन-दोन एकत्र ठेवून चिकटपट्टीने जोडले. पुठ्ठ्याचे खोके उलगडून पाहिले. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, त्याच्या नळ्यांत हवा असते. कोरडा असेपर्यंत पुठ्ठाही चांगले काम देतो. भिजला की संपला. त्याच्या अम्मीने दोन गोण्या धुऊन, उसवून, एकत्र शिवून दिल्या. सगळ्यांत खाली घालायला खताच्या पिशवीसारखा जाड प्लॅस्टिकचा कागद घेतला. हा कागद जमिनीची ओल अडवतो. तो नेहमी तळाशीच असावा. अंगाजवळ ठेवला तर घाम त्यावर साचतो आणि अंथरूण आतून भिजते.

ऊब झाली, पण अंथरूण टोचता कामा नये, तेही पाहायचे होते. तुम्ही दाबाचे सूत्र शिकला आहात. तेच वजन लहान क्षेत्रफळावर पडले की दाब वाढतो. उताणे झोपणाऱ्याचे वजन सगळ्या पाठीवर वाटले जाते. कुशीवर झोपणाऱ्याचे वजन खांदा आणि कमरेचे हाड यांवर येते. म्हणून कुशीवर झोपण्याची सवय असलेल्यांना तेवढ्या दोन जागी जाडी अधिक लागते. बेडन-पॉवेल यांनी तर जमिनीत कमरेच्या हाडासाठी लहानसा खळगा करायला सांगितले होते. मोकळ्या मातीत ते करता येते, सकाळी तो बुजवायचा. किल्ल्यावर किंवा लेण्यांत मात्र उकरणे नको. आम्ही कमरेच्या जागी गोधडीची आणखी एक घडी शिवली. मग गुडघा टेकून परीक्षा घेतली. अंथरुणावर गुडघ्याने भार दिला आणि खालची फरशी लागली, तर ते अंथरूण कमरेलाही पुरणार नाही.

पायांखाली मात्र फार लागत नाही. डोक्यापासून मांड्यांपर्यंत चांगले अंथरूण असले आणि पायांखाली रिकामी केलेली पिशवी सरकवली, तरी भागते. तेवढे वजन कमी होते. काही मुले विचारतात, घडीची खाट नेली तर? खाटेखालून वारा वाहतो. उन्हाळ्यात आपण गच्चीवर बाज टाकून झोपतो ते याच गारव्यासाठी. थंडीत तोच गारवा नको असतो, म्हणून खाटेवरही जाड अंथरूण लागतेच.

त्या मुलाने तयार अंथरुणाची रंगीत तालीम घरी केली. थंडीच्या एका रात्री पलंग सोडून तो उघड्या व्हरांड्यात फरशीवर झोपला. पहाटे त्याला समजले, की डावा खांदा दुखतो आहे. आम्ही तेथे आणखी एक थर घातला. अशी तालीम तुम्हीही अवश्य करा. घरी चूक कळली तर दुरुस्त करता येते. डोंगरात रात्री दोन वाजता कोणते दुकान उघडे असते?

पुढच्या डिसेंबरात तो शिबिराला आला. यादीत मी या वेळी लिहिले होते : जमिनीपासून ऊब अडवील असे कोणतेही अंथरूण, घरचे चालेल. मुलांनी काय काय आणले होते! एकाने घोंगडी, एकाने दोन जानमाज एकत्र शिवून त्यांत कापडाचे तुकडे भरले होते, एकाच्या आजीने खास गोधडी दिली होती. तंबूची जागा आम्ही उजेड असतानाच निवडली. किंचित उंचवट्याची, ओढ्याच्या पात्रापासून दूर, वाळक्या फांदीखाली नाही अशी. मुलांनी हातांनी चाचपून खडे आणि काटक्या वेचल्या. थोडा उतार होता, तिकडे पाय केले, चढाकडे डोके.

मी त्या वर्षी पगारातून एक हवेची गादी विकत घेतली होती. मुलांसमोर ती मोठ्या ऐटीत फुगवली. रात्री इशाच्या नमाजानंतर सगळे झोपले. मध्यरात्रीच्या सुमारास मला तीच जुनी ओळखीची जाणीव झाली. पाठ गार पडत होती. हात खाली नेला तर बोटांना सरळ जमीन लागली. गादीतली हवा केव्हाच निघून गेली होती.

मी उठून बसलेला पाहून शेजारच्या अंथरुणावर हालचाल झाली. “सर, काय झाले?” त्याने विचारले. बॅटरीच्या उजेडात त्याने माझी चपटी गादी पाहिली. हसला नाही. आपल्या अंथरुणातला फोमचा खालचा तक्ता त्याने सरकवून बाहेर काढला आणि माझ्याकडे दिला. “मला गोण्या आणि गोधडी पुरते, सर. बेरीज होते ना?” एवढे म्हणून तो कुशीवर वळला आणि पुन्हा झोपी गेला.

सकाळी आम्ही गादीला साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले तेथे बाभळीचा एक काटा निघाला. मुलांनी खडे वेचलेली जागा त्यांच्या तंबूची होती. माझ्या गादीखालची जागा मी स्वतः साफ केली होती. तो काटा अजून माझ्या खडूच्या डबीत आहे.

स्वाध्याय

1. लेखकाच्या अंगावर दोन रजया असूनही त्यांना थंडी का वाजली?
2. फरशी आणि सतरंजी यांचे तापमान सारखे असूनही फरशी अधिक थंड का लागते?
3. ‘मामूच्या घरी लग्न आहे’ असे मुलाने का सांगितले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
4. ‘बेरीज होते ना?’ या वाक्यात मुलाला काय म्हणायचे आहे?
5. अंथरूण, पांघरूण, उशी, वळकटी, गोधडी या शब्दांना तुमच्या घरी काय म्हणतात ते विचारून लिहा.
6. करून पाहा : सारख्या दोन पेल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. एक पेला फरशीवर आणि दुसरा घोंगडीच्या घडीवर ठेवा. दोन्ही पेले सारख्याच कापडाने झाका. अर्ध्या तासाने बोट बुडवून पाहा आणि काय आढळले ते पाच-सहा ओळींत लिहा.